काजळी धरलेला प्लग

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्ही पाचही जणांनी दूरध्वनीवरून आपसांत विचारविनिमय केला. गुरुजनांविषयीची कृतज्ञता, वसतिगृहातील शिस्त, पहाटेची वंदना, स्वयंपाकघरातील मावशींच्या हातची भाकरी या विषयांवर इतर माजी विद्यार्थी आमच्यापेक्षा अधिक चांगले लिहितील, याची आम्हांस खात्री आहे. म्हणून आम्ही एका निर्जीव वस्तूविषयी लिहिण्याचे ठरविले. धान्यकोठीच्या मागील पत्र्याच्या शेडमध्ये उभी असणारी जुनी बुलेट त्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. तिच्या कार्बोरेटरमधील दोष आम्ही एका दिवाळीच्या सुट्टीत शोधून काढला. तो कसा शोधला, हे सांगण्याजोगे आहे. कारण दोष शोधण्याची जी रीत तेव्हा आमच्या हाती लागली, तीच पुढे आमच्या निरनिराळ्या व्यवसायांत उपयोगी पडली.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे होत असे, परंतु पूर्ण रिकामे कधीच होत नसे. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. त्यामुळे सण गावी करावा की कारखान्याच्या तळावर, हे ठरविणे त्यांच्या हाती नसते. आम्हां पाच जणांचे आईवडील त्या वर्षी असेच गेले होते. घरांना कुलपे होती. कोपीला पत्ता नसतो, म्हणून पत्र पाठविण्याचीही सोय नव्हती. आम्ही वसतिगृहातच राहिलो, आणि दिवसभर काय करावे हा प्रश्न आमच्यापुढे होता.

त्या गाडीचे शाळेच्या जीवनातील स्थान आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे. संध्याकाळची शेवटची एसटी निघून गेली की तालुक्याच्या गावाशी आपला संबंध तुटत असे. धान्याचा कोटा मंजूर करून आणणे, टपाल, शिक्षण खात्याच्या कार्यालयातील कागदपत्रे ही दिवसाची कामे कशीही निभावली असती. परंतु रात्री एखाद्या मुलास ताप चढला किंवा विंचू चावला, तर ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेण्यास ती एकच गाडी होती. एका हितचिंतकांनी ती शाळेस भेट दिलेली होती. ३४६ सी.सी.चे इंजिन, उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक. या मोटारसायकलींची जोडणी आपल्या देशात १९५५ साली मद्रास येथे लष्करासाठी सुरू झाली. आपली गाडी त्या मानाने पुष्कळ अलीकडची असली, तरी आमच्या वयाहून ती थोरली होती.

त्या पावसाळ्यापासून ती पेट्रोल खाऊ लागली होती. लिटरला पस्तीस किलोमीटर चालणारी गाडी वीसवर आली. सायलेन्सरच्या तोंडाशी बोट फिरविले तर काळी भुकटी लागे. सकाळी थंड इंजिन एका किकमध्ये सुरू होई. मात्र तापल्यावर ते अडखळू लागे आणि चौकात थांबले की बंद पडे. भाद्रपदात एके रात्री पाचवीतील एका मुलास घेऊन अधीक्षक सर निघाले असता, घाटाच्या चढावर प्लग काळा पडून गाडी जागीच थांबली. बॅटरीच्या उजेडात त्यांनी प्लग काढून पुसला. पुन्हा थोडे अंतर गेल्यावर तेच. शेवटी पहाटेच्या दुधाच्या टेम्पोने त्या मुलास रुग्णालयात नेण्यात आले. मूल बरे झाले; परंतु त्या चढावर गेलेले तास सर्वांच्याच मनाला लागले.

तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये गाडी दोनदा खोलून झाली होती. तिसऱ्या वेळी नवा कार्बोरेटर बसवा, असे सांगण्यात आले. संचालकांच्या बैठकीत काहींचे म्हणणे पडले की, गाडी मोडीत काढावी. काहींचे म्हणणे, नवा कार्बोरेटर घ्यावा. पैसा कोठून आणावा याचे उत्तर दोन्ही पक्षांना ठाऊक होते. हिवाळ्यापूर्वी घ्यावयाच्या घोंगड्यांसाठी ठेवलेल्या रकमेतूनच तो येणार होता.

अधीक्षक सरांनी आम्हांस बोलावून सांगितले, "सुट्टी संपेपर्यंत गाडी तुमच्या स्वाधीन. जे खोलाल ते वहीत लिहा. कारण दाखविल्याशिवाय एक रुपयाही मिळणार नाही. कारण दाखवलेत तर पैशाचे मी पाहीन."

प्रथम यंत्र समजून घेणे भाग होते. सुट्टीतही शाळेच्या आवारात राहणारे आमचे विज्ञानाचे सर डास मारण्याचा फ्लिटचा पंप घेऊन आले. पंपाची हवा नळीच्या तोंडावरून वेगाने गेली की डब्यातील औषध आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी दाखविले. कार्बोरेटरमध्येही हेच घडते. हवेची वाट मध्ये अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून वर चढून हवेत मिसळते. वेग आणि दाब यांचा हा संबंध बर्नुली यांनी १७३८ साली मांडला होता, हे तेव्हा पाठ केलेले अजूनही स्मरणात आहे. सरांनी पुढे हिशेब सांगितला. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचे, तर १ लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा. इंजिन पेट्रोल पिते असे आपण म्हणतो. वास्तविक ते प्रामुख्याने हवाच पिते. हे प्रमाण बिघडून पेट्रोल अधिक झाले, की त्यास कारागीर मंडळी गाडी 'रिच' चालते असे म्हणतात. न जळलेल्या पेट्रोलाची काजळी होते आणि ती प्लगवर बसून ठिणगीच अडविते.

म्हणजे पेट्रोल जास्त येते, एवढे कळले. ते कोठून येते, हे शोधावयाचे होते. गावात डिझेल इंजिने दुरुस्त करणारे एक वयोवृद्ध चाचा होते. आम्ही पाना घेऊन थेट कार्बोरेटरला हात घालणार, हे पाहताच ते म्हणाले, "पोरांनो, धूर काळा दिसला म्हणून आधी पेट्रोलवर नाव घेऊ नका. पहिली ठिणगी बघा. ठिणगी दुबळी असली तरी पेट्रोल अर्धंच जळतं, अन् प्लग असाच काळा होतो."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे आरंभ प्लगपासून झाला. काजळी कोरडी आणि मखमलीसारखी होती. ती ओलसर आणि चकचकीत असती, तर इंजिनचे तेल वर येत आहे असे समजावे लागले असते. तसे असते तर धूरही निळसर दिसला असता. नंतर पॉइंटमधील फट फिलर गेजने मोजली. ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते, आणि तेवढीच होती. प्लग इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी आणि ठसठशीत पडली. वहीत आम्ही लिहिले : ठिणगी निर्दोष.

दुसरी पाळी एअर फिल्टरची. हवेची वाट कोंडली तर पेट्रोल आपोआप जास्त ठरते. फिल्टरमध्ये पावसाळ्यापूर्वीची धूळ चिकटून बसली होती. तो साफ केल्यावर धूर थोडा कमी झाला, पण गेला नाही. मग चाचांनी फिल्टर काढून आवारातच दोन मिनिटे इंजिन चालविण्यास सांगितले. फिल्टरविना इंजिन स्पष्टपणे सुधारले. त्याला अधिक हवा मिळताच बरे वाटत होते. पेट्रोल जास्त आहे याचा हा पुरावा झाला, आणि फिल्टर लगेच परत बसविण्यात आला, कारण धूळ आत गेली तर सिलिंडर खरवडला जातो.

तिसरी तपासणी आम्हांस सर्वांत अधिक शिकवून गेली. कार्बोरेटर हा एकच मार्ग नसून त्यात तीन-चार मार्ग एकमेकांच्या हाताला हात देत काम करतात. अॅक्सिलेटर जेमतेम उघडा असता स्लोचा जेट आणि एअर स्क्रू यांचे राज्य असते. पावभरापासून पाऊणपर्यंत निडल आणि ती ज्यात खालीवर होते तो निडल जेट यांचे. पाऊणच्या पुढे मेन जेटचे. म्हणून अॅक्सिलेटरच्या मुठीवर कागदी पट्टी चिकटवून आम्ही पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. आमच्यापैकी कोणाचेही वय अठरा नव्हते. म्हणून गाडी अधीक्षक सरांनी चालविली. प्रत्येक खुणेवर स्वच्छ प्लग लावून काही अंतर एकसारखे जायचे, मग एकाच वेळी क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि गाडी थांबताच प्लग काढून पाहायचा. इंजिन स्लोवर चालू ठेवून परत आणले, तर त्या वेळची काजळी चढून पुरावा पुसला जातो.

सायंकाळपर्यंत वहीत तीन ओळी उतरल्या. स्लोवर : काळा. अर्ध्या मुठीवर : अधिक काळा. पूर्ण मुठीवर : जवळजवळ ठीक. मेन जेटवर आळ घेण्याचे कारण उरले नाही.

चौथ्या दिवशी कार्बोरेटर उतरविला. खाली परात ठेवली होती, म्हणून एकही स्क्रू हरवला नाही. वाटीतील फ्लोट कानाशी धरून हलविला. त्यात पेट्रोल शिरले असते, तर खळखळ ऐकू आली असती आणि जड झालेला फ्लोट तरंगेनासा होऊन पेट्रोल चढले असते. तसे नव्हते. कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या नळीतून फुंकर मारली. हवा गेली नाही, म्हणजे फ्लोटखालची सुईही नीट बसत होती. बारीक वाटा सायकलच्या पंपाने फुंकून साफ केल्या. तार घालण्यास चाचांची सक्त मनाई होती. जेट पितळेचा असतो; तार फिरली की छिद्र मोठे होते आणि साफ करता करता नवा दोष निर्माण होतो.

मग चोकचा दट्ट्या बाहेर काढला. अशा कार्बोरेटरमधील चोक हवा अडवीत नाही. तो थंड इंजिनासाठी पेट्रोलची एक जादा वाट उघडतो आणि खटका सोडल्यावर दट्ट्याच्या बुडाशी असलेले रबर ती वाट बंद करते. त्या रबरावर वर्षानुवर्षांच्या दाबाने खोल वर्तुळाकार चर पडली होती. खटका बंद असूनही वाट पुरती बंद होत नव्हती. स्लोवरचा काळा प्लग येथून येत होता. सकाळी गाडी एका किकमध्ये सुरू का होते आणि तापल्यावर का अडखळते, याचेही उत्तर यातच होते. थंड इंजिनाला जादा पेट्रोल हवेच असते. तापलेल्या इंजिनाला ते नको असते.

अर्ध्या मुठीवरचे काळेपण अजून शिल्लक होते. निडल बाहेर काढली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. निडलच्या डोक्याशी पाच खाचा असतात आणि त्यांपैकी एकीत क्लिप बसवितात. क्लिप जितकी वर, तितकी निडल खाली उतरते आणि पेट्रोल कमी होते. सामान्यतः क्लिप मधल्या खाचेत असते. येथे ती सर्वांत वरच्या खाचेत होती. म्हणजे कोणीतरी पेट्रोल कमी करण्याचा अखेरचा उपाय आधीच योजिला होता, आणि तरीही ते जास्तच येत होते.

निडल जेट आम्ही प्रयोगशाळेतील भिंगाखाली धरून उन्हात पाहिला. छिद्र गोल असावयास हवे होते. ते एका अंगाला किंचित लांबट झाले होते. इंजिनाच्या थरथरीने निडल वर्षानुवर्षे एकाच बाजूस घासत राहिली होती. फरक केसाएवढा. परंतु हजारो लिटर हवेमागे एक लिटर पेट्रोल मोजून देणाऱ्या यंत्रात केसाएवढा फरक लहान नसतो.

अधीक्षक सरांना आम्ही वही, भिंग आणि जेट तिन्ही नेऊन दाखविले. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिले आणि म्हणाले, "हे कारण झालं." निडल आणि निडल जेट जोडीनेच घ्यावयाचे असतात, कारण झिजलेल्या एकाबरोबर नवा दुसरा बसविल्यास मोजमाप पुन्हा चुकते. ही जोडी तालुक्यातून आणविली. तिची किंमत नव्या कार्बोरेटरच्या मानाने अगदी थोडी होती. चोकचा दट्ट्या चाचांनी आपल्या मोडीच्या पेटीतून शोधून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

क्लिप मधल्या खाचेत परत आली. इंजिन तापवून एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरविला, मग दीड फेरा बाहेर घेतला आणि तेथून थोडा मागेपुढे करून, जेथे इंजिनाची लय सर्वांत मोकळी लागली तेथे सोडला. तेलाची दांडी काढून वास घेतला, तर तेलाला पेट्रोलचा वास येत होता. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपले होते. अशाने तेल पातळ होते आणि इंजिन आतून झिजू लागते. म्हणून तेलही बदलले. आठव्या दिवशी त्याच घाटाच्या चढावर जाऊन आलेल्या गाडीचा प्लग आम्ही काढला. त्याचा रंग भाजलेल्या विटेसारखा होता. गाडी पुढे लिटरला तिशीच्या वर चालत राहिली आणि त्या हिवाळ्यात घोंगड्या ठरल्या संख्येने आल्या.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. आमच्यापैकी एक एसटीच्या आगारात आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, एक रुग्णालयात परिचारक, एक विजेच्या कामावर, आणि एक घरची कोरडवाहू शेती करतो. आपसांत बोलताना तीन गोष्टी वारंवार निघतात.

पहिली अशी की, कमतरता स्वतः ओरडून सांगते. अतिरेक गुपचूप बसतो. पेट्रोल कमी पडले तर इंजिन तापते, फटफटते, धन्याला थांबविते. जास्त झाले तर गाडी चालतच राहते, आणि आतून काजळी धरते. आमच्या शिक्षक मित्राने पाहिले आहे की, ज्या मुलावर शिकवण्यांचा मारा होतो, त्याचा दोष लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट वरच्या खाचेतील क्लिपची. ज्याने ती तेथे बसविली, त्याने धूर कमी करण्याचा उपाय केला. धूर का येतो हे पाहिले नाही. झिजलेला भाग तसाच राहिला आणि त्याच्याशी जुळवून घेण्यासाठी चांगल्या भागाला वाकविण्यात आले. रुग्णालयातील आमचा मित्र म्हणतो की, ताप उतरविणे आणि तापाचे कारण शोधणे यांतील अंतर त्याला त्या क्लिपनेच प्रथम दाखविले.

तिसरी गोष्ट वहीची. एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, लिहून ठेवावा, मगच दुसऱ्यास हात लावावा. फिल्टर, चोक आणि निडल एकाच दिवशी बदलले असते, तरी गाडी कदाचित सुधारली असती. परंतु ती कशाने सुधारली हे आम्हांला कळले नसते, आणि सरांपुढे ठेवण्यास कारणही नसते.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. आता सेन्सर हवा मोजतात आणि संगणक त्या मानाने पेट्रोल सोडतो. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तिच्यामुळे धूर घटला. परंतु हाताने खोलून, डोळ्यांनी पाहून, फुंकर मारून ज्याचे मर्म कळते असे यंत्र शिकणाऱ्या मुलापुढे ठेवणे मात्र कठीण झाले आहे. त्या दृष्टीने जुना कार्बोरेटर हे अजूनही उत्तम पाठ्यपुस्तक आहे, आणि आपल्या गावांच्या रस्त्यांवर अशा गाड्या आजही चालत आहेत.

पालकांपैकी जे आजही हंगामात कोयता घेऊन जातात, त्यांची मुले दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातच असतात. म्हणून आम्ही पाच जणांनी ठरविले आहे की, येत्या दिवाळीपासून दरवर्षी आपल्यापैकी निदान दोघांनी चार दिवस शाळेत येऊन राहावे आणि त्या मुलांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये एखादे जुने इंजिन खोलावे. इतर माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या धंद्यातील यंत्र, मग ते शिलाईचे असो, पाण्याच्या मोटारीचे असो वा घड्याळाचे, घेऊन यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. देणगी म्हणून हत्यारे पाठविणार असाल, तर वापरलेली चालतील. फक्त फिलर गेज गंजलेला नसावा, आणि सोबत एक कोरी वही असावी.